साहेबांना कोण सांगणार?

आजच्या भागात आपण एक्झिक्युटिव्ह कोचिंगबद्दल बोलणार आहोत. आपल्याकडे 'कोचिंग' म्हटलं की डोळ्यांसमोर कोटा येतं, सकाळी सहाची बॅच येते, भिंतीवरचे टॉपर्सचे फोटो येतात. त्यामुळे दोनशे-तीनशे माणसांची कंपनी चालवणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला कोणी सुचवलं की तुम्ही एक कोच घ्या, तर त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे आता या वयात मला शिकवणी लावायची?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आज जरा सविस्तर देतो.

नव्या श्रोत्यांसाठी माझी थोडी ओळख. मी पायदळातला. कर्नल म्हणून चोपन्नाव्या वर्षी निवृत्त झालो, इंदूरला स्थायिक झालो, कोचिंगचं रीतसर प्रशिक्षण घेतलं आणि गेली काही वर्षं उद्योजकांबरोबर आणि कंपन्यांच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांबरोबर हे काम करतो आहे. म्हणजे मी या व्यवसायातलाच माणूस आहे. दुकानदार आपल्या मालाला वाईट म्हणत नाही, हे ध्यानात ठेवून माझं बोलणं पारखून घ्या. कोचिंग कुठे उपयोगाचं नाही तेही मी सांगणार आहे.

शब्द कुठून आला

हंगेरीत कोच नावाचं एक गाव आहे. तिथे बनणाऱ्या घोडागाड्या चांगल्या असत, म्हणून गाडीलाच गावाचं नाव पडलं आणि ते युरोपभर पसरलं. पुढे एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी परीक्षेच्या पार नेणाऱ्या खाजगी शिक्षकाला गमतीनं कोच म्हणायला सुरुवात केली. तिथून तो शब्द खेळाच्या मैदानावर गेला आणि मैदानावरून कंपन्यांच्या कचेऱ्यांत आला. मूळ अर्थ मात्र विसरू नका. गाडी माणसाला नेते, पण जायचं कुठे हे आत बसलेला ठरवतो.

खेळाचं उदाहरण घेऊ, म्हणजे शिकवणीचा गैरसमज दूर होईल. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे स्वतः २००४ साली अथेन्स ऑलिंपिकमध्ये खेळल्या होत्या. आता स्वप्नीलला कोणी विचारलं का, की बाबा रे, तू ऑलिंपिकपर्यंत पोचलास, तुला अजून कोच कशाला? कोणीच नाही. उलट जितका खेळाडू मोठा, तितका त्याच्याकडे कोच असणार हे आपण गृहीतच धरतो. पण कारखान्याच्या मालकाच्या बाबतीत आपण उलटं समजतो. तो वर पोचला म्हणजे त्याला कोणाची गरज उरली नाही असं धरून चालतो.

एका सर्जनची गोष्ट

या विषयावर मला सगळ्यात पटलेलं लिखाण एका डॉक्टरचं आहे. डॉ. अतुल गावंडे हे अमेरिकेतले नामवंत सर्जन आणि लेखक. वडिलांकडून त्यांचं मूळ यवतमाळ जिल्ह्यातलं. २०११ साली 'द न्यू यॉर्कर' या साप्ताहिकात त्यांनी स्वतःवर केलेला एक प्रयोग लिहिला. शस्त्रक्रिया करायला लागून त्यांना आठ वर्षं झाली होती. सुरुवातीला त्यांचं काम वर्षागणिक सुधारत गेलं आणि मग ती सुधारणा थांबली. वाईट काही होत नव्हतं, पण चढण संपून सपाटी लागली होती.

मग त्यांनी रॉबर्ट ऑस्टीन या आपल्या निवृत्त शिक्षकांना विनंती केली की माझ्या शस्त्रक्रियेच्या वेळी येऊन नुसतं बघा. ऑस्टीन आले. बाजूला उभे राहून वहीत टिपणं काढत राहिले. गावंडेंच्या मते शस्त्रक्रिया छान झाली होती, बोलण्यासारखं फारसं निघणार नाही असं त्यांना वाटत होतं. नंतर ऑस्टीननी वही उघडली. रुग्णाच्या अंगावर कापडं लावायची गावंडेंची पद्धत त्यांना स्वतःला सोयीची होती, पण समोर उभ्या असलेल्या साहाय्यकाची त्यानं अडचण होत होती. गावंडेंचं कोपर अधूनमधून खांद्याच्या उंचीपर्यंत वर जात होतं, आणि कोपर वर गेलं की हाताची अचूकता कमी होते. वरचा दिवा जखमेवरून सरकला होता आणि बराच वेळ ते परावर्तित उजेडात काम करत होते, हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

बघा, यात वैद्यकीय ज्ञानाचा एकही मुद्दा नाही. गावंडेंना शस्त्रक्रिया येत होतीच. पण कोपर ज्याचं वर जातं त्याला ते दिसत नाही. ते बाजूला उभ्या असलेल्या माणसालाच दिसतं, तेही त्या माणसाला दुसरं काही काम नसेल तर. साहाय्यकालाही ते दिसत असेल, पण साहाय्यक सर्जनला कसं सांगणार? गावंडेंनी पुढे लिहिलं आहे की कोच घेतल्यानंतर त्यांच्या शस्त्रक्रियांतली गुंतागुंत कमी झाली. आणि हा केवळ योगायोग नाही असं इतक्यात खात्रीनं म्हणता येणार नाही, असंही प्रामाणिकपणे नोंदवलं आहे. या व्यवसायातल्या लोकांनी हा प्रामाणिकपणा शिकण्यासारखा आहे.

वर गेलं की ऐकू येणं कमी होतं

फौजेत सैनिक संमेलन असतं. कमांडिंग ऑफिसर समोर उभा राहतो, साताठशे जवान बसलेले असतात. तो विचारतो, कोणाला काही अडचण? एका आवाजात उत्तर येतं, "नहीं साहब!" ज्याचा या उत्तरावर विश्वास बसला, त्याची पलटण कशी चालेल ते सांगायला नको.

फौजेनं या रोगावर फार जुना इलाज शोधून ठेवला आहे. त्याचं नाव सुभेदार मेजर. पलटणीत तो एकच असतो. जवान म्हणून भरती होऊन, अडीच-तीन दशकं त्याच लोकांत काढून तो तिथवर पोचलेला असतो. मानद हुद्दा सोडला तर त्याला पुढे मिळवण्यासारखं फार राहिलेलं नसतं. तो कमांडिंग ऑफिसरला सॅल्यूट करतो, चारचौघांत एक शब्द वावगा बोलत नाही. पण दार बंद झालं की म्हणतो, "साहब, एक बात कहूँ?" आणि मग कुठल्या कंपनीत सुट्ट्या अडकल्यात, कोणाच्या घरी पेरणीच्या वेळी माणूस नाही, कालच्या हुकमाचा खाली काय अर्थ लावला गेला, हे सगळं शांतपणे सांगतो. निर्णय साहेबांचाच असतो, फक्त आता तो डोळे उघडे ठेवून घेतला जातो.

आता तुमच्या कंपनीत बघा. अकाउंट्सवाला तुमच्याकडून पगारवाढीची वाट बघतोय. जनरल मॅनेजरला मुलाच्या ॲडमिशनसाठी नोकरी टिकवायची आहे. भाऊ भागीदार आहे, त्याचा हिशेब वेगळा. घरी सांगावं तर बायको म्हणते, दिवसभर कंपनी आणि रात्रीही कंपनीच. तुमच्याशी बोलणाऱ्या प्रत्येकाचं तुमच्यात काहीतरी गुंतलेलं आहे. ज्याला तुमच्याकडून बढती नको, ऑर्डर नको, वाटणी नको, आणि तरीही ज्याचं तुमच्या कामाकडे पूर्ण लक्ष आहे, असा माणूस तुमच्याजवळ नसतो. कोच ही ती रिकामी जागा भरतो. त्याची पहिली किंमत यात आहे.

गूगलचंच बघा. २००१ साली एरिक श्मिट तिथे मुख्याधिकारी म्हणून आले. आधी एक मोठी कंपनी चालवलेले गृहस्थ. संचालक मंडळातल्या जॉन डोअर यांनी त्यांना कोच घ्यायला सुचवलं तेव्हा त्यांना ते आवडलं नाही. एवढा अनुभव असताना कोच कशाला, हीच त्यांचीही प्रतिक्रिया. पण त्यांनी बिल कॅम्पबेल यांच्याबरोबर काम सुरू केलं. हे कॅम्पबेल एकेकाळी कोलंबिया विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक होते, नंतर इंट्युट कंपनीचे प्रमुख झाले. स्टीव्ह जॉब्ससुद्धा त्यांचा सल्ला घेत. २०१६ साली कॅम्पबेल वारले आणि २०१९ साली श्मिट यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर त्यांच्यावर एक संपूर्ण पुस्तक लिहिलं.

बंद दारामागे काय होतं

साधारण पद्धत अशी. सहा महिने ते वर्षभर, पंधरवड्यातून एकदा, तास-दीड तासाची भेट. सुरुवातीला कोच तुमच्या आजूबाजूच्या सात-आठ माणसांशी स्वतंत्रपणे बोलतो. हाताखालचे, बरोबरीचे, वरचे. कोण काय म्हणालं ते तुम्हाला कळत नाही, पण काय म्हणणं आहे ते कळतं. मग प्रत्येक भेटीत प्रश्न.

या प्रश्नांचा एक क्रम जगभर वापरला जातो. ब्रिटनचे मोटार शर्यतपटू सर जॉन व्हिटमोर यांच्या १९९२च्या पुस्तकामुळे तो सर्वदूर पोचला. त्याला 'ग्रो' म्हणतात. चार पायऱ्या आहेत. पहिली, तुम्हाला नक्की काय हवं आहे? दुसरी, आज परिस्थिती काय आहे? तिसरी, कोणते मार्ग आहेत? चौथी, यातलं तुम्ही काय करणार आणि कधी? वाचायला सोपं वाटतं. पण दुसऱ्या पायरीवर बहुतेक जण घसरतात, कारण परिस्थिती सांगताना माणूस आपली कैफियत सांगू लागतो.

इथे चार भूमिकांची गल्लत होते, ती सोडवू. सल्लागार तुमचा प्रश्न अभ्यासून उत्तर लिहून देतो. मेंटॉर त्याच वाटेनं आधी गेलेला असतो, तो आपला अनुभव सांगतो. समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ मनाच्या दुखण्यावर इलाज करतो. कोच यातलं काही करत नाही. तो उत्तर तुमच्याकडूनच काढून घेतो आणि पुढच्या भेटीत विचारतो, ठरवलं होतं त्याचं काय झालं? फौजी माणसाला हुकूम द्यायची सवय असते, म्हणून आमच्यासारख्यांच्या प्रशिक्षणात गप्प बसण्याचा भाग बराच मोठा असतो.

एक उदाहरण

ओळख पटेल असे तपशील बदलून सांगतो. गुजरातेत स्थायिक झालेलं एक मराठी कुटुंब, वाहनांचे सुटे भाग बनवण्याचा कारखाना, अडीचशे कामगार. मालक दुसऱ्या पिढीतले. दोन वर्षांत तीन चांगले मॅनेजर सोडून गेले होते. पहिल्या भेटीत ते म्हणाले, "कर्नलसाहेब, हल्ली लोकांत निष्ठा राहिली नाही."

मी त्यांच्या आठ माणसांशी बोललो. आठांपैकी सहा जणांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच गोष्ट सांगितली. मीटिंगमध्ये साहेब पहिल्यांदा बोलतात आणि मग बोलण्यासारखं काही उरत नाही. मालकांना हे ऐकून आश्चर्य वाटलं. त्यांच्या मते ते सगळ्यांना दिशा देत होते, वेळ वाचवत होते.

मी एवढंच विचारलं, "गेल्या महिन्यातले शेवटचे दहा निर्णय आठवा. त्यांतले किती तुमच्या खालच्या माणसानं घेतले?" ते कागद घेऊन बसले. बराच वेळ गेला. मग म्हणाले, "एक. कँटीनचा कंत्राटदार."

त्यानंतरच्या भेटीत त्यांनी स्वतः दोन गोष्टी ठरवल्या. सोमवारच्या मीटिंगमध्ये आपण सगळ्यात शेवटी बोलायचं, आणि दोन लाखांपर्यंतच्या खरेदीला आपली सही लागणार नाही. पहिली कल्पना माझ्यासारख्याला ओळखीची वाटली. आपल्या फौजेत कोर्ट मार्शलमध्ये सदस्यांची मतं घेतात ती सगळ्यात कनिष्ठ सदस्यापासून सुरुवात करून, म्हणजे वरिष्ठाचं मत ऐकून कोणी आपलं मत वळवू नये.

पहिल्या दोन सोमवारी मीटिंगमध्ये शांतता होती. लोकांना वाटलं, साहेबांची तब्येत बरी नाही. तिसऱ्या सोमवारी क्वालिटीचा प्रमुख चाचरत म्हणाला की एका मोठ्या ग्राहकाला दिलेली तारीख पाळता येणार नाही, साच्याचं काम अजून पक्कं नाही. ही गोष्ट त्याला तीन आठवड्यांपासून माहीत होती. ग्राहकाला आधी कळवलं गेलं, नवी तारीख मिळाली, माल परत आला नाही. हीच बातमी एरवी ट्रक परत आल्यावर कळली असती.

सगळं गोड झालं असं नाही. चौथा मॅनेजरही त्याच वर्षी गेला, त्याचं आधीच ठरलं होतं. दोन लाखांच्या मर्यादेत एक खरेदी महाग पडली आणि मालकांनी त्या रात्री मला फोन करून सही परत सुरू करू का असं विचारलं. मी विचारलं, "महाग पडली किती, आणि गेल्या तीन महिन्यांत तुमचा वेळ वाचला किती?" त्यांनी हिशेब केला आणि मर्यादा तशीच ठेवली.

पैसे वसूल होतात का

मंडळी, हा प्रश्न विचारायलाच हवा. फी कोचगणिक बदलते, आणि उद्योजक रुपयाचा हिशेब लावणारच. माझा सल्ला, सुरुवातीलाच दोन किंवा तीन गोष्टी कागदावर लिहा ज्या बदलायला हव्यात आणि ज्या बाहेरच्या माणसाला मोजता येतील. किती वरिष्ठ माणसं टिकली? वाईट बातमी तुमच्यापर्यंत किती दिवसांत पोचते? तुम्ही आठ दिवस बाहेर असलात तर कारखाना किती वेळा फोन करतो? सहा महिन्यांनी त्याच सात-आठ माणसांना पुन्हा विचारा. त्यांना फरक दिसत नसेल, तर तुम्हाला कितीही छान वाटत असलं तरी पैसे वाया गेले.

आता, कोचिंग कुठे उपयोगाचं नाही ते ऐका. भांडवलच कमी असेल तर बँकेत जा. जीएसटीचा घोळ असेल तर सीए गाठा. झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल तर कोच नव्हे, डॉक्टर हवा; आणि हे लक्षात येऊनही जो कोच सत्रं चालू ठेवतो, त्याच्यापासून लांब राहा. ज्याला बदलायचंच नाही, ज्याला कंपनीनं शिक्षा म्हणून पाठवलं आहे, त्याच्यावरही पैसे घालू नका. आणि फी कंपनी देत असेल, तर खोलीत काय बोललं गेलं ते कंपनीला सांगितलं जाणार नाही हे आधी लेखी ठरवा. कोच खबऱ्या झाला की सगळंच संपलं.

निवड कशी करायची? आपल्या देशात डॉक्टरला किंवा वकिलाला लागते तशी सनद कोचला लागत नाही. उद्या कोणीही पाटी लावू शकतो. त्यामुळे चौकशी तुम्हालाच करावी लागते. १९९५ साली स्थापन झालेली इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही संस्था तीन पातळ्यांची प्रमाणपत्रं देते. त्यांसाठी प्रशिक्षणाखेरीज अनुक्रमे किमान १००, ५०० आणि २५०० तास प्रत्यक्ष कोचिंग केलेलं असावं लागतं. प्रमाणपत्र म्हणजे सगळं नाही, पण चौकशीला सुरुवात म्हणून ठीक. पहिल्या भेटीत एक खूण बघा. तासाभरात कोण जास्त बोललं? कोच जास्त बोलला असेल, तर नमस्कार करून निघा. आणि जो निकालाची हमी देतो, त्याला चहासुद्धा पाजू नका.

ज्यांना कोच परवडत नाही

आपल्या श्रोत्यांत बेळगावचे, बडोद्याचे, हैदराबादचे छोटे व्यावसायिक खूप आहेत. दहा-पंधरा माणसांचं दुकान किंवा वर्कशॉप असलेल्यांनी काय करायचं? त्यांच्यासाठी फौजेतली एक सवय सांगतो, तिला पैसे लागत नाहीत. कुठलंही मोठं काम संपलं, ऑर्डर गेली, दिवाळीचा हंगाम संपला, की सगळ्यांना बसवा आणि चार प्रश्न विचारा. काय व्हायचं ठरलं होतं? प्रत्यक्षात काय झालं? फरक का पडला? पुढच्या वेळी काय वेगळं करायचं? सुरुवात सगळ्यात नव्या पोऱ्यापासून करा. तुम्ही शेवटी बोला, आणि त्या बैठकीत जे बाहेर येईल त्याबद्दल कोणालाही शिक्षा करू नका. एकदा जरी शिक्षा केलीत, तरी पुढच्या बैठकीत तुम्हाला फक्त "सगळं ठीक आहे, साहेब" एवढंच ऐकू येईल.

दुसरी गोष्ट, आपल्याच गावातला, दुसऱ्या धंद्यातला एक माणूस शोधा. महिन्यातून एकदा तासभर भेटा. अर्धा तास तो तुम्हाला प्रश्न विचारेल, अर्धा तास तुम्ही त्याला. सल्ला द्यायचा नाही, फक्त विचारायचं. हे दिसतं त्यापेक्षा अवघड आहे.

आज रात्री एक कागद घ्या. तुमचे गेल्या महिन्यातले दहा निर्णय लिहा आणि प्रत्येकापुढे लिहा की तो खरं तर कोणी घ्यायला हवा होता. पुढच्या भागात आपण याच कागदावरून पुढे जाऊ, काम सोपवायचं म्हणजे नक्की काय सोपवायचं, यावर बोलू. तोवर नमस्कार.